शाळेला सोमवारी सुट्टी पाहिजे

आमच्या कोल्हापुरात बाजारपेठ सोमवारी बंद असते. का, ते मला कुणी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही. वडील सोमवारी दुकान बंद ठेवायचे, मीही ठेवतो. माझं मोटारी रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची, नदीवरची पाण्याची मोटार जळली की शेतकरी ती टेम्पोत घालून माझ्याकडं आणतो. मी आतली जळकी तार उपसून काढतो आणि नवी भरून देतो. सहा दिवस हेच काम. सातव्या दिवशी, म्हणजे सोमवारी, मी घरात आणि पोरगी शाळेत. रविवारी पोरगी घरात आणि मी दुकानात. ती बालवाडीत गेली तेव्हापासून हे असंच चाललं होतं, आणि बघता बघता ती आठवीत गेली.

मी तापट आहे, ते आधीच सांगून टाकतो. गिऱ्हाईकं मला ओळखून आहेत. मोटार जळून कोळसा झालेली असते आणि वर "संध्याकाळी मिळंल न्हवं?" असं विचारतात, तेव्हा माझा पारा चढतो. पण घरात मी आवाज चढवत नाही. घरात असतोच कुठं मी आवाज चढवायला!

जूनमधली गोष्ट. सकाळी पोरगी दप्तर घेऊन बाहेर पडत होती, आणि मला तिच्या तोंडाकडं बघून काहीतरी वेगळंच वाटलं. नीट बघितलं तर चष्मा. मी बायकोला म्हटलं, "हिला चष्मा कधी लागला?" बायको पोळी लाटत होती. तिनं मान वर केली नाही. "बुधवारपास्नं घालालीय," म्हणाली. त्या दिवशी सोमवार होता. म्हणजे पाच दिवस पोरगी माझ्यासमोर चष्मा घालून हिंडत होती आणि मला पत्ता नव्हता. फ्रेम कुठल्या रंगाची घ्यायची, यावरून मायलेकींचं म्हणे दुकानात भांडणही झालं होतं.

तो दिवस माझा वाईट गेला. बाजार बंद, मी घरात, घर रिकामं. सारखा एकच हिशेब डोक्यात घुमत राहिला. आठवी, नववी, दहावी, की संपलं. पुढं शिकायला पुण्याला जाते का आणखी कुठं, कुणाला माहीत. मला त्याच्या आत ही पोरगी जरा बघायची होती. आठवड्यातला एक दिवस, अख्खा, माझा आणि तिचा. एवढंच पाहिजे होतं मला. हे मी कुणाला बोललो नाही. बायकोलासुद्धा नाही.

महिनाभरात शाळेचं पत्र आलं. शाळा पाच दिवसांचा आठवडा करून बघणार होती, एका वर्षापुरता. शनिवारची अर्धी शाळा ठेवायची नाही, आठवड्याला एक दिवस जादा सुट्टी द्यायची आणि बाकीचे पाच दिवस शाळा रोज चाळीस मिनिटं उशिरा सोडायची. मात्र सुट्टी कुठल्या वारी, ते पालकांनी ठरवायचं होतं; सोमवार ठरला तर शनिवारी शाळा पूर्ण दिवस भरणार. बरेच पालक बाजारातले, कारखान्यातले, त्यांना सोमवारी सुट्टी. बरेच ऑफिसातले, त्यांना शनिवारी. म्हणून खाली तीन चौकोन छापले होते: शनिवार, सोमवार, आणि आहे तसंच राहू दे. एकावर खूण करून सभेच्या दिवशी आणायचं.

मी ते पत्र दोनदा वाचलं. देवानं ऐकलं, दुसरं काय!

दुसऱ्या दिवसापासून मी प्रचाराला लागलो. अगदी निवडणुकीला उभा राहिल्यासारखा. पालकांच्या ग्रुपवर लिहायला मला जमत नाही, दोन ओळी टाईप करायला माझी पंधरा मिनिटं जातात. त्यापेक्षा घरी गेलेलं बरं. दुकान बंद केलं की गाडी काढायची आणि दोन-तीन घरं करायची. मला फायदे पाठ झाले होते. पोरांना झोप मिळते. गुरुजींना तयारीला वेळ मिळतो. गावाकडं आजी-आजोबांना भेटून येता येतं. दप्तराचं ओझं एक दिवस कमी होतं. समोरच्यानं चहा पुढं केला की मी सुरू.

फौंड्रीत काम करणाऱ्या एका बापानं माझ्यासमोरच सोमवारवर खूण केली आणि म्हणाला, "एवढं सांगायला आलासा व्हय? बसा, जेवूनच जावा." सगळीकडं असं सोपं गेलं नाही. जुळ्या पोरांची एक आई मला म्हणाली, "दोन दिवस दोघं घरात? आन् मी कुठं जाऊ? एक दिवस तुमी घेऊन जावा की तुमच्या दुकानात, तारा वढत बसतील." शहराबाहेर वस्तीवर एक दूधवाला होता, दहा-बारा म्हशी. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "माझ्या म्हशींना कुठला शनिवार न् कुठला सोमवार! सुट्टी वाढली की पोरगं वैरण आणंल. मला बरंच हाय. खरं त्याला बरं हाय का ते बघा." आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण', तेव्हा त्याचा नकार होता की होकार, हे मला रस्त्याला लागेपर्यंत कळलं नाही.

एक बाप स्वतः शिक्षक होता. त्यानं मला चांगलं अर्धा तास बसवलं. म्हणाला, रोजची चाळीस मिनिटं म्हणजे गंमत नाही. शेवटच्या तासाला पोरं आत्ताच जांभया देतात, अजून एक तास वाढवला तर त्या तासाला शिकणार कोण? पोरं घरी पोचायला सहा वाजणार, खेळायला उजेड राहणार नाही. आणि मोकळ्या दिवशी कोण गावाकडं जातंय? क्लासवाले त्या दिवसाची बॅच काढून मोकळे होतील. त्याचं बोलणं खरं होतं. मला पटतही होतं. तरी मी निघताना म्हटलं, "सर, तेवढं सोमवारचं बघा."

अशी पन्नासभर घरं झाली. कुठं चहा, कुठं सरबत, एका घरात तर जाईन तेव्हा कांदाभजी. रोज रात्री सोडा प्यावा लागावा एवढी ॲसिडिटी झाली. एवढी घरं फिरलो, पण एकाही घरात मी खरं कारण सांगितलं नाही. सगळीकडं पोरांचं आरोग्य, पोरांची झोप. मला माझी पोरगी बघायची आहे, असं लोकांच्या दारात जाऊन कसं सांगायचं?

सभा शनिवारी दुपारी होती. शाळेचा हॉल भरला होता. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, प्रस्ताव वाचला आणि कुणाला बोलायचं असेल तर बोला म्हणाल्या. मी तयारीतच होतो. उभा राहिलो आणि पोरांच्या आरोग्यावर चांगलं पाच-सात मिनिटं बोललो. मधे टाळ्याही पडल्या. मी खाली बसणार, एवढ्यात मागच्या रांगेतली एक बाई उठली. ही माझ्या पोरीच्या मैत्रिणीची आई. शिलाईच्या कारखान्यात शर्टाच्या कॉलरी शिवते, नवरा नाही, एकुलती एक पोरगी. तिच्या घरी मी गेलो नव्हतो, कारण ती कामावरून कधी येते ते मला माहीत नव्हतं.

"पोरांच्या आरोग्याचं ऱ्हाऊ दे वो," ती म्हणाली. "तुमाला सुट्टी कुठल्या वारी असत्या?"

मी म्हटलं, "सोमवारी."

सगळा हॉल हसला. मोठ्या बाईसुद्धा हसल्या. माझं डोकं तापलं, पण बाईमाणूस, त्यात शाळा. मी खाली बसलो.

"मग शटर तुमचंच हाय न्हवं?" ती पुढं म्हणाली. "रविवारी खाली वढा. आख्खी शाळा कशाला बंद करालाय? मला सुट्टी फक्त रविवारी. शनिवार घ्या न्हायतर सोमवार घ्या, माझी पोरगी त्या दिवशी घरात एकटीच. माझ्याकडं न्हाय आजी, न्हाय आत्या. शाळेत असली की मी तिकडं निवांत शिवत बसते. मला कुठलीच सुट्टी नको. हाय तसंच ऱ्हाऊ दे."

ती बसली. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. तिच्या बोलण्याला उत्तर देता येईना, म्हणून मला तिचा जास्तच राग आला. शटर माझं आहे, हे काय मला माहीत नव्हतं? पण रविवारी गावाकडची माणसं मोटारी घेऊन येतात. हातकणंगल्याचा माणूस उसाला पाणी मिळेना म्हणून धावत येतो आणि मी शटर खाली ओढून पोरीबरोबर फिरायला जाऊ? असं मी मनातल्या मनात तिला बरंच सुनावलं. एक-दोन वाक्यं तर चांगली जमली होती. पण मग वाटलं, महिन्यातला एक रविवार तरी?

चिठ्ठ्या मोजल्या आणि सोमवार आला. फार नाही, थोडक्या मतांनी. 'आहे तसंच' सगळ्यात मागं पडलं. बाहेर पडताना लोकांनी माझ्याशी हात मिळवले, फौंड्रीवाल्यानं तर पाठीत थाप मारली. ती बाई चपला शोधत होती. माझ्याकडं तिनं बघितलं नाही. मला त्या वेळी तिचं काही वाटलं नाही. मी जिंकलो होतो.

दिवाळीनंतर नवं वेळापत्रक सुरू झालं आणि पहिल्या सोमवारी मी पोरीला घेऊन रंकाळ्यावर गेलो. दुकानाची जुनी व्हॅन आहे माझी, मोटारी आणा-पोचवायची, ती आदल्या दिवशी धुऊन घेतली होती. बायकोला रविवारीच पाहुण्यांचं सगळं करून कंटाळा आला होता, ती म्हणाली तुम्ही जावा. म्हणजे मनासारखं झालं. मी आणि पोरगी. काठावर बसलो, भेळ घेतली. मी विचारलं, शाळा कशी चाललीय? "बरी." अभ्यास? "चाललाय." चष्मा टोचत नाही न्हवं? "न्हाय." एवढंच. मग तिनं मोबाईल काढला. मी पाण्याकडं बघत बसलो. पन्नास घरांत बोलत सुटलेला मी, आणि माझ्याच पोरीशी काय बोलायचं ते सुचेना. दीड तासात आम्ही घरी परत.

दुसऱ्या सोमवारी मी ठरवलं, लांब जायचं. गगनबावड्याला. घाटावर गेलं की पोरगी खुलेल. व्हॅन निघताना पोरगी म्हणाली, "पप्पा, आधी तिच्या घराकडनं जाऊया. वही द्यायची हाय." ती म्हणजे तीच, कॉलरीवाल्या बाईची पोरगी. मी नाक मुरडलं, पण गाडी वळवली.

चाळीसारखी घरं होती, एका खोलीची. पोरगी उतरून गेली. बराच वेळ झाला म्हणून मीही मागून गेलो. दाराला बाहेरून कुलूप होतं. मला वाटलं, घरात कुणी नाही. पण माझी पोरगी खिडकीपाशी उभी होती आणि गजांतून वही आत देत होती. आतून एक हात आला, वही घेतली. मग आतल्या पोरीचं तोंड दिसलं. मला बघून ती हसली. "काका, या म्हणता येईना," म्हणाली. "चावी आईकडं असत्या."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पोरीला कोंडून ठेवते! मी माझ्या पोरीला म्हटलं, बस गाडीत, आणि सरळ शिलाईच्या कारखान्याच्या गेटवर व्हॅन लावली. जेवणाची सुट्टी व्हायला वीस मिनिटं होती. तेवढा वेळ मी गेटवर येरझाऱ्या घालत तिला काय काय सुनवायचं ते जुळवत होतो. ती डबा घेऊन बाहेर आली. मी म्हटलं, "अवो, पोरगी हाय का कोंबडी? कुलूप लावून येतासा?"

ती चिडेल असं मला वाटलं होतं. ती चिडली नाही. डबा तिनं गेटच्या कट्ट्यावर ठेवला.

"मग उघडं ठिवू?" म्हणाली. "मागच्या बोळात दिवसाढवळ्या पिऊन बसलेली असत्यात. पोरगी तेरा वर्सांची. तुमी ठिवाल तुमची, दार उघडं टाकून? सकाळी कुलूप लावताना माजा हात कसा चालतो ते माजं मला म्हाईत." मग म्हणाली, "सभेत सांगितलंतं की मी, पावणं. ऐकलंसा कुठं कुणी?"

जुळवलेलं सगळं मी विसरलो. तिथं उन्हात मला माझी लाज वाटली. ते कुलूप तिनं लावलं होतं, पण पन्नास घरं फिरून त्या पोरीला त्यात बसवलं होतं मी. असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं.

गाडीतून माझी पोरगी खाली उतरली होती. ती माझ्याकडं न बघता त्या बाईला म्हणाली, "मावशी, तिला आमच्याबरोबर सोडा की. दर सोमवारी. पप्पा घरातच असत्यात."

मला कुणी विचारलं नाही. बाईनं माझ्याकडं बघितलं, मी मान हलवली. तिनं कमरेची पिशवी उघडली, चावी काढली आणि माझ्या हातावर ठेवली. "साडेपाचला मी घरात असते," म्हणाली, आणि डबा घेऊन सावलीला गेली. मी खरं सांगतो, मान हलवताना सुद्धा माझ्या मनात एक चोर बसला होता. गेला माझा दिवस, असं तो म्हणत होता. पुढचं सगळं वर्ष मागच्या सीटवर दोन पोरी आणि पुढं मी ड्रायव्हर.

त्या दिवशी उशीर झाला होता, तरी कुलूप उघडून त्या पोरीला घेतलं आणि आम्ही गगनबावड्याच्या रस्त्याला लागलोच. दोघी मागं बसल्या. आणि काय सांगू, जी पोरगी रंकाळ्यावर "बरी" आणि "न्हाय" याच्या पुढं गेली नव्हती, तिची टकळी वाटेतल्या कळे गावापर्यंत एक क्षण थांबली नाही. गणिताच्या बाईंची नक्कल. चाळीस मिनिटांच्या जादा तासाला कोण कसा झोपतो. चष्मा घातल्यावर पहिल्यांदा फळा कसा लख्ख दिसला आणि तोवर आपल्याला दिसत नव्हतं हेच तिला कसं माहीत नव्हतं. नववीला घर सोडून खेळाच्या वसतिगृहात जायचं तिच्या मनात होतं आणि मग मनातून गेलं. यातलं एक अक्षर मला माहीत नव्हतं. मी आरसा जरा फिरवून घेतला आणि गाडी चाळीसच्या वर नेली नाही.

कळे मागं पडल्यावर मैत्रिणीनं विचारलं, "तुझ्या पप्पांनी सोमवारसाठी समद्यांच्या घरात जाऊन इच्यारलं म्हणं?"

"समद्यांच्या," माझी पोरगी म्हणाली. "मला सोडून."

"तुला इच्यारलं असतं तर काय म्हटली असतीस?"

"सोमवारच म्हटलो असतो की." आमच्याकडं पोरी स्वतःविषयी बोलताना पोरांसारखंच बोलतात. "शनिवार घेऊन काय करू? पप्पा सोमवारी घरात असत्यात न्हवं."

मी समोर रस्त्याकडं बघत राहिलो. डोळे भरून आले होते आणि दोन्ही हात स्टीअरिंगवर, पुसायचे कसे? पुढं उसाचा ट्रॅक्टर चालला होता, दोन ट्रॉल्या लावलेला. त्याला मागं टाकायची मला काही घाई नव्हती. मग आरशात बघत म्हटलं, "मागं ऐका जरा. पुढच्या सोमवारी कुठं जायचं?"

दोघींनी एकमेकींकडं बघितलं. आपलं सगळं ऐकू गेलंय, हे त्यांच्या लक्षात आलं असावं.

"मला इच्यारालाय व्हय?" पोरगी म्हणाली.

"तुलाच."

तिनं थोडा विचार केला. "कुठं न्हाय," म्हणाली. "घरातच बसूया."

बरं, म्हटलं.